पात्राचं झाकण

“पहिली कोण बसते?” आर्याजींनी विचारलं.

विहाराच्या अंगणात कडुलिंबाखाली पाट मांडला होता. शेजारी पाण्याची बादली, आणि बादलीशेजारी उकिडवे बसलेले न्हावीकाका वस्तऱ्यात नवं पातं बसवत होते. आम्ही चौदा जणी भिंतीला चिकटून उभ्या होतो. दोघींचं तर आधीच रडून झालं होतं.

“मी!” असं म्हणून कोणी काही बोलायच्या आत मी पाटावर जाऊन बसलेसुद्धा.

“काऊन वं, एवढी घाई कायची हाय तुले?” मागून रुणाली बोदेले म्हणाली. ती आठवीतली, माझ्यापेक्षा डोकंभर उंच. तिला तिच्या आजीने शिबिरात ढकललं होतं आणि ती दर अर्ध्या तासाने ते सांगायची.

मी तेव्हा सहावी संपवून सातवीत जाणार होते. आता अकरावीत आहे आणि वक्तृत्वात जिल्ह्यात दुसरी आलेय, पण माझा ‘मी! मी!’चा आजार तेव्हापासूनचा. सर प्रश्न पूर्ण करायच्या आत माझा हात वर असायचा. केस कमरेपर्यंत होते. पहिली वेणी मांडीवर पडली तेव्हा ती इतकी जड लागली की मी दचकले.

आर्याजींनी ती उचलून माझ्या ओंजळीत ठेवली. “हे काय आहे?”

“माझे केस.”

“मघापर्यंत होते. आता?”

मी एकदा वेणीकडे बघितलं, एकदा न्हावीकाकांकडे. सगळ्या हसल्या.

आर्याजी म्हणजे टेकडीवरच्या त्या विहारातल्या भिक्खुणी. साठीच्या, सडपातळ, गुडघा दुखायचा म्हणून एक पाय किंचित ओढत चालायच्या. मुंडन होताना म्हणायचा पाठ त्यांनी आम्हाला शिकवला. अगदी सोपा होता. केस, अंगावरचे लोम, नखं, दात, त्वचा. एकेक नाव घ्यायचं आणि मनात म्हणायचं, हे मी नाही, हे माझं नाही. दहा दिवस श्रामणेरी, म्हणजे शिकाऊ भिक्खुणी, राहणार, त्यातली ही पहिली शिकवण.

“आणि ऐका,” त्या म्हणाल्या, “इथे वय नाही, इयत्ता नाही, कोणाचे वडील काय करतात ते नाही. जिचं मुंडन आधी, ती ज्येष्ठ. रांगेत तीच पुढे चालणार.”

“म्हंजे आता हे पोट्टी माही मोठी?” रुणाली ओरडली.

“हो. आणि तू तिच्या मागे.”

मी टकलावरून हात फिरवला. इतकी हलकी मी कधीच झाले नव्हते. मला वाटलं, आता येऊ दे तिला. आता बघू दे.

ती म्हणजे माझी आई.

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. टेकडीच्या खाली दोन गावं होती, साकोरी आणि खैरबोडी. साकोरी माझं आजोळ. तीन वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ तापाने गेला. तो दोन वर्षांचा होता. त्यानंतर महिन्याभराने आई साकोरीला गेली आणि परत आली नाही. “तुले टाकून गेली तुही माय,” शालूआत्या मला जेवायला वाढता वाढता सांगायची, वरणात मीठ कमी आहे हे सांगावं तसं. बाबा ताटातून वर बघायचे नाहीत. मीही पुढे विचारायचं सोडलं. आई दोनदा शाळेच्या फाटकापाशी आली होती म्हणे. आत्याने मला मागच्या दाराने नेलं.

शिबिराचं पत्रक आलं तेव्हा आत्या म्हणाली, “त्या गावातून भिक्षेला जा लागते म्हणतात. कोणाशी बोलशीन तर याद राख.”

“बोलायचंच नसतं आत्या, नियमच आहे!” मी म्हणाले होते.

त्यामुळेच तर मला जायचं होतं. आईने मला बघावं, अंगावर चीवर घालून, सगळ्यांच्या पुढे चालताना. आणि मी तिच्याकडे बघूही नये.

*

दुसरा दिवस सरावात गेला. विहाराच्या हॉलमध्ये आम्ही स्टीलची भिक्षापात्रं पोटाशी धरून गोल गोल चाललो. आर्याजी भिंतीला टेकून सूचना द्यायच्या.

“नजर चार पावलांपुढे. घर निवडायचं नाही. देणाऱ्याचं तोंड बघायचं नाही, फक्त हात बघायचे. कोण देतं, किती देतं, आपल्याला काय त्याचं? श्रीमंताची खीर आणि गरिबाची चटणी एकाच पात्रात पडते.”

“ईऽऽ खिरीत चटणी,” रुणाली पुटपुटली.

“तुला पहिला घास तोच पडो,” आर्याजी शांतपणे म्हणाल्या. हॉल हसून हसून लोळला.

मग झाकण. त्या विहाराची ही स्वतःची रीत होती. पात्र भरत आलं की झाकण लावायचं. झाकण लागलेलं दिसलं की लोक काही घालत नाहीत, वाईटही वाटून घेत नाहीत. आणि रांगेतल्या पहिलीने झाकण लावलं की मागच्या सगळ्यांनी लावायचं, एकापाठोपाठ एक.

“म्हणजे मागच्यांचं पात्र अर्धं असलं तरी?” मी विचारलं.

“तरी. पुढची म्हणते ‘पुरे’, तर सगळी रांग म्हणते ‘पुरे’. गावावर भार नको. म्हणून पुढे चालणारीने लक्ष ठेवायचं असतं. कळलं का उत्पला?”

“हो!” मी म्हणाले. मला सगळंच कळत होतं.

दुपारी बारानंतर जेवण नसायचं, फक्त लिंबूपाणी. मे महिना, वर भंडाऱ्याकडचं ऊन, पंख्यातून गरम वारा. चार वाजता आर्याजींनी विचारलं, “दुःख म्हणजे काय? कोण सांगेल?”

रुणालीने हात वर केला. “आर्याजी, मले आत्ता आलुबोंडा दिसून राह्यला.”

“बरोबर,” आर्याजी म्हणाल्या. “आणि नाही दिसला तर दुःख नाही?”

“नाही दिसला तर दिसावा वाटते.”

“यालाच तृष्णा म्हणतात. लिहून घ्या, रुणालीने सोपं करून सांगितलंय.” मग त्या जरा थांबून म्हणाल्या, “तृष्णा फक्त हवं म्हणण्यात नसते बरं का. ‘मला नकोच’ असं दात आवळून म्हणतो ना, त्यातही असते.”

रुणालीचं मी लिहून घेतलं. पुढचं नाही लिहिलं.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला साकोरी. आर्याजींनी सात-सात जणींच्या दोन रांगा केल्या. एकीबरोबर वरच्या आळीला त्या स्वतः गेल्या, आणि दुसरीच्या पुढे मी.

“खालची गल्ली सरळ आहे. चुकणार नाहीस,” एवढंच त्या मला म्हणाल्या. मोठ्या माणसाने माझ्यावर असं काही सोपवायची ती पहिलीच वेळ.

अनवाणी पायांना गल्लीतली माती अजून गार लागत होती. बायका दारापुढे सडा टाकून पांढऱ्या साड्या नेसून उभ्या होत्या. एरवी ज्यांनी ‘काय गं टकले’ म्हटलं असतं त्या वाकून पाया पडत होत्या. चीवरातल्या मुलीने कोणाला वाकायचं नसतं. आईबापानेही तिला वाकायचं असतं. मी फक्त हात बघत होते. काचेच्या बांगड्यांचे, शेणाने हिरवे झालेले, थरथरणारे म्हातारे. भात पडायचा, वरण पडायचं, कोणी एक केळं ठेवायचं.

शेवटून तिसऱ्या घरापाशी दोन हात पुढे आले. पळसाच्या पानावर दोन बोंडं होती. कोहळ्याची, गूळ घातलेली, कडेने काळपट तळलेली. वाफ येत होती.

डाव्या मनगटावर गोंदलेलं होतं: ‘उत्प’.

मी पाच वर्षांची असताना दसऱ्याला आम्ही नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो होतो. तिथे गोंदणवाल्यासमोर आई माझं नाव गोंदवून घ्यायला बसली. दोन अक्षरं झाली आणि अशी गर्दी लोटली की गोंदणवाल्याचं मशीनच पडलं. आई उठली आणि हसतच सुटली. “राहू दे, उरलेली पोरगी माह्याजवळच हाय,” म्हणाली.

मी थांबले. पाय आपोआप थांबले. ते हात माझ्या पात्रात वाकले, बोंडं ठेवली, आणि उगाच क्षणभर पात्राच्या काठाला धरून राहिले. नखं पिवळट होती. मग हात जोडले गेले आणि माझ्या पायांपुढे मातीत एक कपाळ टेकलं. पांढऱ्या पदराखालची तिची पाठ किती लहान दिसत होती.

वर बघायचं नाही, हा माझाच बेत होता. मी नाही बघितलं. चालायला लागले. कान मात्र पार पेटले होते.

विहारात जेवताना बोंडं मी रुणालीच्या पात्रात टाकली.

“काय झालं? मस्त हाय नं बापा,” ती तोंड भरून म्हणाली.

“मला नकोच,” मी म्हणाले.

तिने खाणं थांबवून माझ्याकडे बघितलं. “कोणाची होती वं?”

“देणाऱ्याचं तोंड बघायचं नसतं,” मी म्हटलं.

*

चौथ्या दिवशी खैरबोडी. पाचव्या दिवशी पुन्हा साकोरी, पुन्हा खालची गल्ली, पुन्हा मी पुढे.

आदल्या दिवशीपासून मी ठरवत होते. काय ठरवत होते ते आज नीट सांगता येतं, तेव्हा नव्हतं येत. पहिल्या वेळी तिने दिलं आणि मी घेतलं, म्हणजे जिंकली ती. भूक लागली म्हणून घेतलं असं तिला वाटलं असेल. दिली तशी लेकरासारखी खाल्ली असतील, असं वाटलं असेल. तीन वर्षं नाही आली आणि आता बोंडं घेऊन उभी राहते!

गल्लीच्या टोकाला पळसाचं पान धरलेले ते हात मला लांबूनच दिसले. माझं पात्र अर्धंही भरलं नव्हतं.

दोन पावलांवर गेल्यावर मी झाकण लावलं.

टक.

मागून रुणालीच्या पात्राचं, टक. मग तिच्या मागचीचं. टक. टक. टक. टक. टक. सात. तो आवाज त्या बारक्या गल्लीत किती मोठा झाला! मी तर माझं एकटीचंच लावलं होतं. मागे रांग आहे हे मी विसरलेच होते.

हात तसेच राहिले, पुढे केलेले. पान जरा कलंडलं आणि एक बोंड खाली मातीत पडलं. मी त्याच्या बाजूने पाऊल टाकलं. तरीही ती वाकली. सात जणींपुढे सात वेळा वाकली असणार, कारण मागे बांगड्यांचा आवाज येत होता. पुढच्या दोन घरांच्या बायका वाढायला आणलेलं तसंच धरून बघत राहिल्या.

त्या दिवशी टेकडी चढताना मला शर्यत जिंकल्यासारखं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण वाटलं होतं.

*

सहाव्या दिवशी दुपारी आम्ही हॉलमध्ये पाठ म्हणत बसलो होतो. दारात एक बाई येऊन उभी राहिली. घामाने निथळत होती. मी तिला ओळखलं, माझी मामी. तिनेही मला ओळखलं, पण आधी वाकली, रीतसर तीनदा, मग आर्याजींसमोर जमिनीवर बसली.

“आर्याजी, इचारू काय? राग नका मानू.”

“विचारा.”

“आमच्या छायाचं काय चुकलं जी?”

“कोण छाया?”

“माही नणंद. काल तिचं दान संघानं घेतलं नाही. सात झाकणं लागली. आख्ख्या गल्लीनं पाह्यलं.” मामीचा आवाज फाटला. “आधीच नवऱ्याचं घर सोडून आली म्हणून लोक बोलतेत. आता म्हणतेत, संघानं पात्र उलटं केलं, म्हंजे काहीतरी मोठंच असंन. सकाळी नळावर कोणी तिच्याशी बोललं नाही. काही चुकलं असंन तर सांगा, ते माफी मागते म्हणते.”

पात्र उलटं करणं म्हणजे काय, ते आर्याजींनी आदल्याच दिवशी गोष्टीत सांगितलं होतं. भिक्खू-भिक्खुणींच्या संघाचं फार मोठं वाईट केलं, तरच कोणाचं दान नाकारतात. शेकडो वर्षांत क्वचित कधी.

“संघाने कोणाचंही दान नाकारलेलं नाही,” आर्याजी सावकाश म्हणाल्या. “पात्रं भरली असतील. असंच सांगा तिला. सगळ्यांना सांगा.” आणि मग त्यांनी आमच्याकडे बघितलं. माझ्याकडेच नाही, सगळ्यांकडे. “भरली होती ना?”

रुणालीचं कोपर माझ्या बरगडीत रुतलं.

कायम पहिला वर जाणारा माझा हात मांडीवर पडून राहिला.

मामी उठली. जाताना माझ्यापुढे थांबली, हात जोडले. “श्रामणेरी, ते तुमची वाट पाहते. रोज पाहते,” एवढंच म्हणाली आणि गेली.

रोज संध्याकाळी आम्ही एकेक करून आर्याजींसमोर बसायचो आणि दिवसभरातली चूक सांगायचो. शिक्षा नसायची. त्या ऐकायच्या आणि विचारायच्या, “चूक म्हणून दिसली?” आपण म्हणायचं, “दिसली.” त्या म्हणायच्या, “मग पुढे सांभाळ.” संपलं. इतकं सोपं.

“मी दुपारी गुळाचा खडा खाल्ला,” मी सांगितलं.

“दिसली?”

“दिसली.”

“अजून काही?”

“नाही.”

बाहेर आल्यावर रुणाली म्हणाली, “गूळ मी खाल्ला होता.”

“माहिताय.”

“कोण हाय ते बाई, उत्पला?”

मी सांगून टाकलं. पहिल्यांदाच कोणाला तरी. रुणालीने पायाने जमिनीवर एक रेघ ओढली. मग म्हणाली, “माह्या आजीनं मले इथं ढकललं तर मी तिच्याशी चार दिवस बोलणार नव्हती. दोन दिवसातच आठवण आली.” आणि नाक पुसत म्हणाली, “तुले तीन वर्सं कशी जमली?”

*

सातव्या दिवशी खैरबोडी होतं. दिवसभर माझं लक्ष लागलं नाही. आठव्या दिवशी सकाळी, भिक्षेला निघायच्या आधी, मी आर्याजींपुढे जाऊन बसले.

“पात्र भरलं नव्हतं,” मी म्हणाले. “ती माझी आई आहे.”

त्या चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ओले होते, आणि मला ते फार भीतीदायक वाटलं.

“दिसली चूक?”

“दिसली.”

“कोणाची दिसायची राहून गेली ते सांगू? माझी. मी तुला हात बघायला शिकवलं आणि झाकण लावायला शिकवलं. झाकण काढायचं कसं ते शिकवलंच नाही.” त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. “चल. आज एकच रांग. चौदा जणी आणि मी. खालच्या गल्लीने. आणि एकीनेही झाकण आणायचं नाही.”

पंधरा झाकणं विहाराच्या ओट्यावर राहिली. मी टेकडी जवळजवळ धावत उतरले. आर्याजींनी दोनदा “हळू” म्हटलं. मी मनात वाक्य तयार करत होते. बोलायची बंदी होती, पण मी बोलणारच होते. ‘आई, गरम आहेत का?’ असं. दुसरं काही सुचत नव्हतं.

शेवटून तिसऱ्या घराला कुलूप होतं.

“पहाटीच नेलं भंडाऱ्याले, सरकारी दवाखान्यात,” समोरच्या म्हातारीने सांगितलं. “हाडं लय दुखत होती तिची. सिकलसेल हाय नं तिले. उन्हात उभं राहू नोको, पाणी पी, सांगून थकले सारे. पण ते उभी. तुम्ही त्या गावाले गेल्या तरी उभी. म्हणे, अवचित इकडून आल्या तर?”

आर्याजी त्या कुलपासमोर उभ्या राहिल्या, पात्र पुढे धरून. मी त्यांच्या शेजारी. मागे तेरा जणी. ऊन पायांना चटका द्यायला लागलं तरी आम्ही उभ्या होतो. गल्लीतल्या बायका एकेक करून बाहेर आल्या. पंधरा उघडी पात्रं छायाच्या बंद दारापुढे धरलेली त्यांनी बघितली. आई मात्र ते बघायला नव्हती.

नवव्या दिवशी संध्याकाळी निरोप आला. आई दवाखान्यातच वारली होती.

*

दहाव्या दिवशी सकाळी आर्याजी मला कडुलिंबाखाली घेऊन बसल्या, त्याच पाटावर.

“आज तसंही शिबिर संपतं,” त्या म्हणाल्या. “तुझे बाबा येतायत. तू आत्ता चीवर उतरवलंस तरी चालेल. मुलगी म्हणून जा, तिच्या अंगावर पड, रड. कोणी काही म्हणणार नाही. चीवरात गेलीस तर तुला आमच्या बाजूला बसावं लागेल. लोक वाकतील. तुला वाकता येणार नाही, तिलासुद्धा.”

“चीवरात गेले तर दान घ्यावं लागेल?”

“मामी संघाला जेवण देतेय. तिच्या नावाने.”

“मग मी चीवरातच येते.”

त्या पाटाला हात टेकून उठल्या.

अंगणात मांडवाखाली आईला ठेवलं होतं. पांढऱ्या चादरीत. मी तीन वर्षांनी तिचा चेहरा बघितला. गल्लीत वर बघितलं असतं तर असा नसता दिसला. आम्ही पाठ म्हणायला लागलो. मी मनात माझा पाठ सुरू केला, पहिल्या दिवशीचा. केस. हे मी नाही, हे माझं नाही. लोम. नखं. दात. त्वचा.

चादरीतून तिचा डावा हात जरा बाहेर आला होता. मनगटावर ‘उत्प’.

पुढचं वाक्य मला म्हणता आलं नाही. पाच वर्षं होत आली, आजही ‘त्वचा’ या शब्दापुढे माझा पाठ अडतो. आर्याजींना सांगितलं तर म्हणतात, “अडू दे. तिथेच बस.”

बाबा मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. मामी त्यांच्याकडे न बघता, पण त्यांना ऐकू जाईल असं माझ्याशी बोलली. “पोरगं गेलं तवा तुमच्या घरी म्हणाले, हिचं रक्त खराब, हिनं खाल्लं पोराले. ‘पोरीले हात लावू नोको’ म्हणून धाडलं तिले. टाकून नाही गेली ते. चारदा आली होती तुमच्या शाळेत.”

मला दोनदाच माहीत होतं.

बाबांनी मान खाली घातली. पुढे नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मी वाचलं की सिकलसेल लेकराला एकट्या आईकडून येत नाही, दोघांकडूनही यावा लागतो. ते पान मी घरी मोठ्याने वाचलं होतं. आत्या स्वयंपाकघरात गेली आणि बाबा तिथेच बसून राहिले. पण ते नंतरचं.

साडेअकरा वाजून गेले होते. आईला उचलायच्या आधी संघाचं जेवण व्हायला हवं होतं. बारानंतर आम्हाला चालत नाही. गल्ली सगळी जमली होती. आम्ही रांगेने बसलो, ज्येष्ठतेप्रमाणे, आर्याजींनंतर मी. पात्रांवर झाकणं होती.

मामीने पळसाचं पान आणलं. “मयतीच्या घरी चूल पेटवू नोको म्हणे म्हातारे,” ती म्हणाली. “मी पेटवली. कोहळं तिनंच आणून ठेवलं होतं, दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी.”

आर्याजींनी आपलं पात्र पुढे केलं नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. सगळी गल्ली बघत होती.

मी झाकण काढून खाली ठेवलं. टक. मागे रुणालीचं. मग तिच्यानंतरचीचं. टक, टक, टक, शेवटपर्यंत.

मामीने दोन बोंडं माझ्या पात्रात ठेवली. वाफ येत होती. कडेने काळपट झाली होती, तशीच. पहिला घास मी तोंडात धरून बसले. रुणालीने पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. ती स्वतः रडत होती आणि खात होती.

भिंतीवरच्या घड्याळात बाराला सात मिनिटं कमी होती. मी दोन्ही बोंडं संपवली. पात्राला चिकटलेला गूळही बोटाने पुसून खाल्ला.